उकळू नये असे औषध

श्रोतेहो, पाला आणला की आपण काढा उकळतो. पण उकळण्यातच गुण गेला तर? चीनमधल्या तू यूयू या बाईंचीच गोष्ट घ्या. १९५५ मध्ये त्यांचे पाश्चात्त्य औषधशास्त्राचे शिक्षण झाले. पुढे अडीच वर्षे त्या चिनी वैद्यक शिकल्या. १९६९ मध्ये हिवतापाचे औषध शोधण्याचे काम त्यांच्याकडे आले. छिंगहाव ही आपल्या दवण्याच्या जातकुळीतली वनस्पती. पण तिचा गुण कधी येई, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे हुंग यांच्या ग्रंथात त्यांनी वाचले, पाला पाण्यात भिजवून पिळावा. उकळायचे नावच नाही! १९७१ मध्ये त्यांनी कमी उष्णतेवर ईथरने अर्क काढला. १९७२ मध्ये तो आधी स्वतः घेतला, मगच रोग्यांना दिला. २०१५ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गुरुजी, मुलांना एवढेच सांगा: जुनी पोथी वाचावी, अन् पडताळूनही पाहावी.