जुना गेम चालतो, मग जॉयस्टिक का चालत नाही?

नव्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन घ्या, त्यात डॉस टाका आणि त्या काळातला एखादा विमानाचा गेम सुरू करा. चित्र दिसतं, कीबोर्डही चालतो. जॉयस्टिकपाशी मात्र गाडी अडते. गेम म्हणतो, जॉयस्टिक जोडलेलीच नाही! ड्रायव्हर नसेल, असं म्हणून आपण सोडून देतो. खरं कारण शोधायचं तर १९८१ पर्यंत मागे जावं लागतं. संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाने ते एकदा समजून घ्यावं असं मला वाटतं.

जॉयस्टिक म्हणजे आरसी सर्किट

१९८१ मध्ये आयबीएम पीसी आला, तेव्हा त्याच्यासाठी गेम कंट्रोल अ‍ॅडॅप्टर नावाचं एक कार्ड मिळायचं. बीएससीला आरसी सर्किटचं प्रॅक्टिकल केलं असेल, तर हे कार्ड तुम्हाला निम्मं कळलेलंच आहे. जॉयस्टिकच्या प्रत्येक अक्षावर ० ते १०० किलोओहमचा एक बदलता रोध आणि कार्डावर एक कपॅसिटर. सोबत ५५८ ही चिप, म्हणजे एकाच चिपमध्ये चार टायमर. हीच चिप १९७७ च्या अ‍ॅपल २ मध्येही याच कामाला होती.

आता काम कसं चालायचं ते बघा. हेक्साडेसिमल २०१ या पोर्टवर कुठलाही आकडा लिहिला की चारही टायमर सुरू व्हायचे आणि त्यांचे बिट १ व्हायचे. कपॅसिटर ठरावीक पातळीपर्यंत भरला की बिट पुन्हा ०. याला लागणारा वेळ आयबीएमने सूत्रात दिला होता: २४.२ मायक्रोसेकंद, अधिक प्रत्येक ओहममागे ०.०११ मायक्रोसेकंद. म्हणजे १०० किलोओहमला साधारण १.१ मिलिसेकंद.

हा वेळ मोजायचा कोणी? कार्ड मोजत नव्हतं. प्रोसेसर लूपमध्ये तोच पोर्ट पुन्हा पुन्हा वाचायचा आणि बिट ० होईपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते मोजायचा. थोडक्यात, 'मी इतकी डावीकडे आहे' असं ती जॉयस्टिक कधी सांगतच नव्हती. ती फक्त एक रोध होती, आणि मोजपट्टी होती प्रोसेसरचा वेग.

मोजपट्टी बदलत गेली

पहिला पीसी ४.७७ मेगाहर्ट्‌झचा. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, तेवढ्याच वेळात जास्त फेऱ्या होऊ लागल्या आणि जुने आकडे निरुपयोगी ठरले. म्हणून गेम सुरू होताना 'स्टिक वरच्या डाव्या कोपऱ्यात न्या आणि बटण दाबा' असं कॅलिब्रेशन आलं. काही गेम फेऱ्यांऐवजी पीसीमधल्या वेगळ्या टायमर चिपवरून वेळ मोजायचे. ते वेगाच्या या गोंधळातून बरेचसे वाचले.

१९८९ च्या साउंड ब्लास्टर कार्डावर गेम पोर्ट सोबतच आला आणि घरोघरच्या पीसीत पोचला. १९९६ मध्ये यूएसबीचा पहिला आराखडा आला. आता वेळ मोजण्याचं काम कंट्रोलरच्या आतच होऊ लागलं आणि कॉम्प्युटरला तयार आकडा मिळू लागला. विंडोज व्हिस्टाने तर गेम पोर्टला निरोपच दिला.

व्हर्च्युअल मशीनमध्ये काय बिघडतं?

व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मशीनमध्ये गेम पोर्टच नसतो. रिकामा पोर्ट वाचला की सगळे बिट १ मिळतात. गेम वाट बघतो, बिट ० होत नाही, आणि 'जॉयस्टिक नाही' असा निष्कर्ष निघतो. गेमच्या बाजूने तो बरोबरच आहे!

बरं, कोणी नकली पोर्ट बनवून दिला तरी अडचण उरते. पोर्टचं प्रत्येक वाचन व्हर्च्युअल मशीनला मध्येच थांबवतं. होस्ट सिस्टिमही तिला हवं तेव्हा बाजूला ठेवते. फेऱ्यांचा आकडा दर वेळी वेगळा येतो. तुमचा हात स्थिर, विमान मात्र थरथरतं.

डॉसबॉक्सने यावर दोन वाटा दिल्या आहेत. 'टाइम्ड' पर्याय चालू असेल तर बिट आभासी घड्याळाप्रमाणे पडतो. बंद असेल तर तो वेळ बघतच नाही, ठरावीक वाचनं झाली की पडतो. ८६बॉक्स तर पूर्ण जुना पीसी, गेम पोर्टसकट, उभा करतो. विंडोज ९८ साठी साधा यूएसबी गेमपॅड थेट व्हर्च्युअल मशीनकडे सोपवता येतो. पण एक्सबॉक्स ३६० चा कंट्रोलर यूएसबीच्या सर्वसाधारण एचआयडी वर्गात बसत नाही, त्यामुळे विंडोज ९८ त्याला ओळखत नाही.

तुमच्या कामाशी संबंध काय?

प्रयोगशाळेत जुन्या सिस्टिमवर चालणारं एखादं उपकरण तुमच्या वाट्याला येऊ शकतं. तेव्हा 'डिस्कची कॉपी काढली, व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकली, झालं' असं समजू नका. आधी विचारा: हा प्रोग्राम वेळ कुठून घेतो? स्वतःच्या लूपमधून, कॉम्प्युटरमधल्या टायमरवरून की उपकरणाच्या आतल्या घड्याळावरून? लूपमधून घेत असेल, तर प्रोग्राम बिनतक्रार चालेल, आलेखही छान येईल, आणि आकडे चुकीचे असतील. गेममध्ये निदान विमान थरथरताना दिसतं. तुमच्या डेटात ते दिसेलच असं नाही. म्हणून सिस्टिम हलवण्याआधी एक ज्ञात नमुना जुन्या मशीनवर मोजून ठेवा आणि हलवल्यावर तोच पुन्हा मोजा.