पिच बेंडची सूक्ष्मता

पिच बेंडची सूक्ष्मता : सिंथेसायझरवरचा स्वर मूळ जागेवरून चढवता-उतरवताना घेता येणारी सर्वांत लहान पायरी. ती सेंटमध्ये मोजतात. १०० सेंट म्हणजे की-बोर्डवरचा एक अर्धस्वर. सप्तकाच्या बारा समान भागांपलीकडच्या, म्हणजे सूक्ष्मस्वरी संगीतात या पायरीला विशेष महत्त्व आहे.

संदेशाची घडण : इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांना संदेश देण्यासाठी वापरतात त्या १९८३ च्या मिडी १.० मानकात पिच बेंडचा संदेश तीन बाइटचा आहे. पहिला बाइट संदेशाचा प्रकार व चॅनल सांगतो. उरलेले दोन, एक स्थूल व एक सूक्ष्म, प्रत्येकी ७ बिटांची माहिती देतात. त्यातून ० ते १६,३८३ ही मूल्ये मिळतात. ८,१९२ वर स्वर जागचा हलत नाही. मूल्यांची संख्या ठरलेली असल्याने पल्ला, म्हणजे स्वर दोन्ही बाजूंना जास्तीत जास्त किती सरकतो ते अंतर, वाढला की पायरी मोठी होते. ±२ अर्धस्वर या प्रचलित पल्ल्यात ती सुमारे ०.०२४ सेंट, ±१२ ला ०.१५, तर ±४८ ला ०.५९ सेंट असते.

उदाहरण : ५:४ गुणोत्तराचा शुद्ध गंधार षड्जापासून ३८६.३१ सेंटवर असतो, की-बोर्डचा ४०० वर. ±२ च्या पल्ल्यात तो १३.६९ सेंट उतरवण्यासाठी ७,६३१ हे मूल्य पाठवतात (स्थूल बाइट ५९, सूक्ष्म ७९). चूक सेंटच्या शंभराव्या भागाएवढी राहते. मात्र काही वाद्ये सूक्ष्म बाइट विचारात घेत नाहीत. मग पायरी ३.१३ सेंटची होऊन गंधार १५.६३ सेंट उतरतो. पांढरी एकच्या षड्जाबरोबर तो लांबवला, तर उपस्वरांमध्ये सेकंदाला सुमारे दीड विस्पंद उमटतो. ±४८ च्या पल्ल्यात अशा वाद्याची पायरी ७५ सेंटची होते. ते या कामाला निरुपयोगी ठरते.

चॅनलची मर्यादा : पिच बेंड संपूर्ण चॅनलला लागू होतो. एकाच वेळी वाजणारे स्वर वेगवेगळे सरकवायचे, तर प्रत्येकाला स्वतंत्र चॅनल द्यावा लागतो, आणि चॅनल १६ च आहेत. २०१८ च्या एमपीई मानकाने हीच पद्धत नियमबद्ध केली. त्यात स्वरांच्या चॅनलचा मूळ पल्ला ±४८ अर्धस्वर आहे.

वाद्याची अंतर्गत गणना : संदेश सूक्ष्म असला, तरी वाद्य स्वर किती बारकाईने निर्माण करते यावर फलित अवलंबून असते. यामाहा डीएक्स-७ II मध्ये स्वरजुळणीसाठी सप्तकाचे १,०२४ भाग, म्हणजे १.१७ सेंटची पायरी आहे.

पर्याय : १९९२ चे मिडी ट्यूनिंग मानक प्रत्येक पट्टीचा स्वर ०.००६१ सेंटपर्यंत ठरवू देते. मिडी २.० मध्ये पिच बेंड ३२ बिटांचा असून प्रत्येक स्वराला स्वतंत्र देता येतो.

ॲनालॉग सिंथेसायझर : स्वर ठरवणारे व्होल्टेज सलग बदलत असल्याने पायऱ्या नसतात.

भारतीय संगीत : सांगलीच्या कृ. ब. देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींची गणिती मांडणी प्रसिद्ध केली. श्रुतींची स्थाने निश्चित मानावीत की नाही, याबाबत मतभेद आहेत. ८१:८० या अंतराची प्रमाणश्रुती २१.५ सेंटची असल्याने १४ बिटांचा बेंड तिला पुरेसा आहे. मींडेत मात्र पायरीच्या आकाराबरोबरच संदेश किती जलद येतात, हेही महत्त्वाचे ठरते.

निष्कर्ष : सूक्ष्मस्वरी कामासाठी वाद्य निवडताना पल्ला बदलता येतो का, सूक्ष्म बाइट वाचला जातो का आणि अंतर्गत पायरी किती, या तीन गोष्टी तपासाव्यात.