एआयचा धोका म्हणजे नेमकं काय? ‘जबाबदार कोण’ यावरून पडतात सहा प्रकार

एआय म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता. तिच्या धोक्याचा विषय निघाला की कुणी नोकऱ्यांचं बोलतं, कुणी खोट्या व्हिडिओंचं, तर कुणी थेट यंत्रमानवांच्या बंडाचं. अमेरिकेतील बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अँड्र्यू क्रिच आणि स्टुअर्ट रसेल यांनी २०२३ मध्ये समाजावरच्या या मोठ्या धोक्यांची विभागणी केली. त्यांचा प्रश्न साधा होता : नुकसानाला जबाबदार कोण आणि ते मुद्दाम झालं का?

पहिला प्रकार सगळ्यात अवघड, कारण त्यात एकटा कुणी जबाबदार नसतो. ६ मे २०१० रोजी अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटांत कोसळला. डाऊ जोन्स निर्देशांक जवळपास हजार अंकांनी पडला आणि बराचसा लगेच सावरलाही. एका मोठ्या विक्रीनंतर अनेक कंपन्यांचे संगणक आपोआप सौदे करत सुटले होते. लंडनच्या एका ट्रेडरनं खोट्या ऑर्डरी टाकल्याचं पुढे कबूल केलं, पण एकट्याच्या जोरावर एवढा बाजार पडत नसतो.

दुसरा प्रकार म्हणजे अंदाजापेक्षा मोठा परिणाम. मायक्रोसॉफ्टचा ‘टे’ हा चॅटबॉट २०१६ मध्ये लोकांकडून शिव्या शिकला आणि दिवसभरात बंद करावा लागला. हे छोटं उदाहरण झालं.

तिसऱ्यात भल्यासाठी आणलेली यंत्रणा वाईट निघते. नेदरलँड्समध्ये बालसंगोपन अनुदानातले घोटाळे शोधताना हजारो कुटुंबांवर चुकीचा ठपका बसला. कोण संशयित, हे ठरवण्यात संगणकाचाही हात होता. अनेकांकडून अनुदान परत मागितलं गेलं, लोक कर्जात बुडाले. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या सरकारनं राजीनामा दिला.

चौथ्यात कंपनीला नुकसान दिसत असतं, पण नफ्यापुढे ती डोळेझाक करते. सहावा प्रकार सरकारांचा : युद्ध आणि दडपशाहीसाठी एआयचा वापर.

पाचवा गुन्हेगारांचा, आणि तो गावातल्या मोबाईलपर्यंत पोचलाय. जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकरचा एका गेमिंग ॲपची जाहिरात करणारा बनावट व्हिडिओ फिरला. तो खोटा असल्याचं खुद्द सचिननंच सांगितलं. असा व्हिडिओ बनवणारा पाचव्या प्रकारातला. पण जाहिरातीचे पैसे घेऊन तो जाणूनबुजून दाखवत राहणारा मंच चौथ्यात मोडेल. म्हणजे एकाच घटनेत दोन प्रकार येऊ शकतात.

अशा फसवणुकीत पैसे गेले असतील तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार झाली, तर ती गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.