बरगडी, पट्टा आणि श्वास

१/ कोल्हापुरात दसरा चौकातून भाऊसिंगजी रोडला लागले, की टाऊन हॉलसमोर सीपीआर रुग्णालयाची जुनी दगडी इमारत दिसते. तेथून खासबाग मैदान पायी जाण्याइतके जवळ. एका ठिकाणी छात्या मोडतात, दुसरीकडे त्या बऱ्या होतात. आजचा धागा या दोन वास्तूंना जोडणाऱ्या हाडाचा, म्हणजे बरगडीचा.

२/ शाहू महाराज १९०२ मध्ये युरोपात गेले, तेव्हा रोमचे प्राचीन क्रीडागार त्यांनी पाहिले. त्याच धर्तीवर उभारलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये खुले झाले. मध्यभागी हौदा आणि भोवती चढत गेलेली बैठक. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसावी, अशी रचना. पण उचलून आपटलेल्या मल्लाच्या छातीवर प्रतिस्पर्ध्याचे सारे वजन येते तेव्हा आत काय होते, हे कोणत्याच रांगेतून दिसत नाही.

३/ थोडे घरचे सांगतो. माझे आजोबा तरुणपणी तालमीत होते. एकदा डाव अंगावर उलटला आणि बरगडी मोडली. वस्तादांनी छातीभोवती कापडी पट्टा करकचून आवळला. दुखणे थांबले, पण आठवड्याभरात ताप भरला, छाती कफाने भरली. आजोबा म्हणत, "बरगडीनं न्हाई, खोकल्यानं जीव घेतला असता माझा." हे वाक्य मला वैद्यकाच्या इतिहासाचा अर्धा पाठ वाटतो.

४/ कारण बरगडी हे विलक्षण हाड आहे. मोडलेला हात झोळीत ठेवता येतो, पाय प्लास्टरमध्ये. बरगड्यांच्या बारा जोड्यांना मात्र दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा हलावेच लागते. प्रत्येक श्वासाला कळ येते, म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो आणि खोकला दाबतो. कफ साचतो, फुफ्फुसाचा तळ मिटत जातो, न्यूमोनिया होतो. हाड बहुधा आपोआप जुळते. जीव जातो तो श्वास अपुरा पडल्याने.

५/ सुश्रुतसंहितेत बरगड्यांची गणना 'वलय' अस्थींत, म्हणजे कड्यासारख्या वाकलेल्या हाडांत केली आहे. उपचारही स्वतंत्र सांगितला आहे : रुग्णाला उभे करावे, तूप लावून मोडलेली बाजू चोळून सारखी करावी, वर जाड घडी ठेवून पट्टा गुंडाळावा आणि त्याला तेलाने भरलेल्या द्रोणीत निजवावे. द्रोणीची कल्पना मला फार सूक्ष्म वाटते. तेलात बुडालेल्या अंगावर खालचा दाब कमी येतो.

६/ पट्टा मात्र टिकला आणि जगभर टिकला. तालमीतला वस्ताद जे कापडाने करी, तेच विसाव्या शतकातले डॉक्टर चिकटपट्टीने करीत. छाती आवळली की वेदना कमी होते, हा अनुभव खरा होता. म्हणूनच त्यातली चूक इतकी वर्षे कोणाच्या ध्यानात आली नाही.

७/ मग शस्त्रक्रिया का नव्हती? सीपीआरची इमारत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल' म्हणून उभी राहिली, तेव्हा क्लोरोफॉर्म होते, जंतुनाशके होती. क्ष-किरण मात्र १८९५ नंतरचे. खरी भिंत वेगळीच होती : छाती उघडली की बाहेरची हवा आत शिरते आणि फुफ्फुस फुग्यासारखे मिटते. १९०४ मध्ये जर्मन शल्यविशारद झाउअरब्रुख यांनी कमी दाबाची बंद खोली बांधली. रुग्णाचे धड आत, डोके बाहेर, आणि शस्त्रक्रिया करणारेही आतच!

८/ विसंगती पाहा. छाती उघडण्याची युक्ती सापडल्यावर शल्यविशारदांनी बरगड्या जोडण्याआधी कापायला घेतल्या. क्षयावर औषध नव्हते. रोगट फुफ्फुस मिटवून त्याला विश्रांती द्यावी म्हणून सात-आठ बरगड्यांचे तुकडे टप्प्याटप्प्याने काढून टाकत. आपल्या शेजारी, मिरजेजवळच्या वानलेसवाडीत, डॉ. वानलेस यांचे क्षयरोग आरोग्यधाम याच काळातले. क्षयाची परिणामकारक औषधे आल्यावर ही शस्त्रक्रिया मागे पडली.

९/ मोटारी वाढल्या तशी एक भयंकर दुखापत सामान्य झाली. लागोपाठ तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, की छातीचा तेवढा तुकडा सुटा होतो. श्वास घेताना तो आत जातो, सोडताना बाहेर येतो. म्हणजे सारे उलटे. त्यावर छातीत आकडे अडकवून दोरीला वजने टांगत! १९५२ मध्ये कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा शेकडो वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून हातांनी पिशवी दाबत रुग्णांचा श्वास चालू ठेवला. (आपल्याच वयाची मुले ती.) बाहेरून श्वास पुरवता येतो हे सिद्ध झाले, आणि १९५६ मध्ये मर्क व सहकाऱ्यांनी मोडलेल्या छातीला आतून हवेचाच आधार देण्याची पद्धत मांडली.

१०/ लवकरच अशा प्रत्येक रुग्णाला यंत्र लावले जाऊ लागले. १९७५ मध्ये अमेरिकेतील ट्रिंकल यांनी ही सवय मोडली. वेदना नीट शमवली, खोकायला आणि खोल श्वास घ्यायला लावले, तर अनेकांना यंत्राविनाच अधिक चांगले बरे करता येते, असे त्यांनी दाखवले. सुटा तुकडा डोळ्यांना दिसतो. त्याखालचे ठेचलेले फुफ्फुस दिसत नाही. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. छाती आवळण्याऐवजी ती मोकळी करायची होती.

११/ तरीही काही छात्या इतक्या मोडतात की पट्टीने जोडाव्याच लागतात. २००२ मध्ये जपानमधील तानाका आणि सहकाऱ्यांनी ३७ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्यांना सरासरी सुमारे ११ दिवस यंत्र लागले, इतरांना १८. सहा महिन्यांनी पूर्णवेळ कामावर परतलेले : शस्त्रक्रिया झालेल्या १८ पैकी ११, इतर १९ पैकी एक. अभ्यास लहान आहे; पण कष्टावर पोट असलेल्या माणसाच्या दृष्टीने हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा.

१२/ आज बरगडीच्या आकारात वळवलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या स्क्रूने बसवतात. ही वाट मोजक्यांचीच. बहुतेकांची बरगडी सुमारे सहा आठवड्यांत आपली आपण जुळते. तोवर वेदनाशामके, गरजेनुसार मज्जातंतू बधिर करणारे इंजेक्शन, श्वास ओढून तीन चेंडू वर उचलायचे प्लास्टिकचे यंत्र, लवकर चालणे, आणि खोकताना दुखऱ्या बाजूवर उशी दाबून धरणे.

१३/ ही शेवटची गोष्ट आजोबांना कोणी शिकवली नव्हती. पट्टा त्यांनी चौदाव्या दिवशी स्वतःच सोडला, वस्तादांचा राग पत्करून, आणि घोंगडीची घडी छातीशी धरून खोकत राहिले. पुढच्या हंगामात ते पुन्हा मातीत उतरले. औषधांच्या दुकानांत छातीला आवळायचा पट्टा मात्र अजूनही मिळतो.