घर खोलीखोलीने भाड्याने देताय? ऑनलाइन भाडेकरार असा करा

आमचं गाव येलदरी. गावाकडे राहून परभणीतलं घर सांभाळणारी बरीच कुटुंबं इकडे आहेत. कृषी विद्यापीठ आणि कॉलेजांमुळे तिथे खोल्यांना मागणी असते. आमच्याही घराच्या तीन खोल्या वडिलांनी तीन मुलांना दिल्या आणि कागद एकच केला, तोही नोटरीचा. एक मुलगा मध्येच निघून गेला. बाकीचे दोघं म्हणाले, "काका, त्याचं भाडं आम्ही का भरायचं?" वडिलांकडे उत्तर नव्हतं, कारण कुठली खोली कोणाची हे कागदावर नव्हतंच.

नोंदणी का हवी?

अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा मोठा गैरसमज आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ही जबाबदारी घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींच्या वादात आधी भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं. शिवाय मालकाला 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. उलट लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही कोणी खोली सोडली नाही, तर कलम 24 नुसार दुप्पट भाडं मागता येतं.

ऑनलाइन कसं होतं?

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या वेबसाइटवर ई-रजिस्ट्रेशनची सोय आहे. तिथे मालमत्ता, दोन्ही पक्ष, भाडं, डिपॉझिट आणि अटी भरायच्या. मग आधारवरून ओळख पटवली जाते. त्यासाठी बोटाचा ठसा घेणारं यंत्र आणि वेबकॅम लागतो, म्हणून नुसत्या मोबाइलवर काम भागत नाही. हे करून देणारे एजंट असतात.

खर्च किती?

मुद्रांक शुल्क 0.25 टक्के. ते मुदतीचं एकूण भाडं अधिक डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के व्याज, या रकमेवर लागतं. समजा भाडं 3000, डिपॉझिट 10,000 आणि मुदत एक वर्ष:

36,000 + 1000 = 37,000

याचे 0.25 टक्के म्हणजे शंभरच्या आसपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत 1000, ग्रामीण भागात 500 रुपये. एजंटची फी वेगळी.

खोलीनिहाय काय लिहायचं?

- प्रत्येक भाडेकरूचा स्वतंत्र करार करा. खर्च वाढतो, पण एक जण गेला तरी बाकीचे करार तसेच राहतात.
- खोलीचा नंबर, मजला आणि अंदाजे मापं लिहा.
- बाथरूम, गच्ची, पाणी, पार्किंग यातलं सामाईक काय, ते लिहा.
- लाइटबिल कसं वाटायचं ते ठरवा. सब-मीटर असेल तर दर एक तारखेला रीडिंगचा फोटो व्हॉट्सॲपवर टाका.
- भाडं यूपीआयने घ्या आणि नोटमध्ये "खोली 2, जुलै" असं लिहायला सांगा.

भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यालाही द्या. आणि भाडेकरू तुम्ही असाल, तर नोंदणीकृत कराराची पीडीएफ मागून घ्या. डिपॉझिट परत मागताना तीच कामाला येते.