विसरलेली दुसरी वेळ

जालना जिल्ह्यांतील भोकरदन हें केळना नदीच्या कांठचें गांव. प्राचीन काळीं त्याचें नांव भोगवर्धन होतें. सांची आणि भारहूत येथील स्तूपांवर ज्या दात्यांचीं नांवें कोरलेलीं आहेत, त्यांत भोगवर्धनच्या रहिवाशांचाहि उल्लेख येतो. १९७३ सालीं येथें पद्धतशीर उत्खनन झालें आणि सातवाहनकालीन नगराचे अवशेष उजेडांत आले. परंतु या गांवाची कीर्ति दूरवर नेली ती येथें मिळालेल्या एका लहानशा हस्तिदंती स्त्रीमूर्तीनें. इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियसच्या राखेखालीं गाडल्या गेलेल्या पॉम्पेई नगरांत १९३८ सालीं जी भारतीय हस्तिदंती मूर्ति सांपडली, तिच्याशीं भोकरदनच्या मूर्तीचें साम्य विद्वानांच्या नजरेंत भरलें.

हस्तिदंत हा अखेर दांतच. हत्तीचा सुळा ज्या द्रव्याचा असतो, त्याच जातीचें द्रव्य माणसाच्या दाताच्या पोटांत असतें. माणसाच्या दातावर शिवाय दंतवल्काचें पांढरें, चकचकीत कवच असतें. शरीरांत त्याहून कठीण पदार्थ दुसरा नाहीं. म्हणूनच जुन्या दफनांत हाडांची माती झाली, तरी दांत पुष्कळदां शाबूत मिळतात. जो दांत जमिनींत हजारों वर्षें टिकतो, तोच जिवंत माणसाच्या तोंडांत चाळीस वर्षेंहि टिकूं नये, हें नवल खरें. त्याचा उलगडा होण्यास माणसाला फार काळ लागला. उपाय मात्र त्याला आधींच सांपडला होता.

भोगवर्धनच्या दात्यांनीं ज्या बौद्ध संघाच्या स्तूपांना दान दिलें, त्या संघाच्या आचारांत दंतकाष्ठाला स्थान होतें. पालि विनयपिटकांतील चुल्लवग्गांत, दांतवण न केल्यास तोंडाला दुर्गंधि येते आणि अन्नाची रुचि जाते, असें सांगितलें आहे. कांहीं भिक्षु लांबलचक काड्या वापरीत आणि त्यांनींच श्रामणेरांना मारीत. म्हणून काडी आठ अंगुळांहून लांब नसावी, असा नियम झाला. पुढें एकाच्या घशांत आंखूड काडी अडकली, तेव्हां ती चार अंगुळांहून लहान नसावी, अशी पुस्ती जोडावी लागली. नियमांना अशी मुरड घालावी लागते, ती रोजच्या वापरांतल्या वस्तूलाच.

वैद्यकग्रंथ याहून खोलांत जातात. सुश्रुतानें बारा अंगुळें लांब व करंगळीएवढ्या जाडीची ताजी काडी सांगितली. कडू झाडांत निंब, तुरटांत खैर, गोडांत मोह आणि तिखटांत करंज श्रेष्ठ मानला. मऊ कुंचल्यानें एक एक दांत घासावा, पण हिरड्यांना इजा होऊं देऊं नये, ही त्याची सूचना आजचा दंतवैद्यहि अशीच देईल. चरकानें दांतवण दोन वेळां करण्यास सांगितलें. वाग्भटानें त्या वेळा स्पष्टच केल्या: एक सकाळीं आणि एक जेवणानंतर.

या दोहोंपैकीं पहिलीच घराघरांत रुजली. सकाळीं तोंड धुतल्यावांचून पाणी पिऊं नये, हा शुचितेचा नियम झाला. दुसरीची मात्र जेवणानंतरच्या चुळीवर बोळवण झाली. काडी जाऊन राखुंडी, कोळसा व मिठाची पूड, पुढें मंजन आणि ब्रश आले; साधनें बदललीं, वेळ एकच राहिली.

याचें कारण असें कीं, दांत कशानें किडतो हें ठाऊक नव्हतें. सुश्रुतानें कृमिदंताचें काळें छिद्र आणि तीव्र वेदना अचूक वर्णिली. परंतु दातांत किडा असतो, ही समजूत भारतांतच काय, युरोपांतहि खोल रुजलेली होती. इंग्लंडांत खुरासनी ओव्याच्या बियांची धुरी देत. आंचेनें फुटलेल्या बियांतून निघणारे कोंब पाहून ते दातांतले किडेच पडले, असें रोग्याला वाटे. आपल्याकडे भुईरिंगणीच्या बियांची धुरी होती. १७२८ सालीं फ्रान्समधील पिएर फोशार यानें या किड्याच्या समजुतीला आव्हान दिलें. आणि १८९० सालीं मिलर या शास्त्रज्ञानें सिद्ध केलें कीं, तोंडांतील सूक्ष्म जंतु साखर व पिष्ट यांपासून आम्ल तयार करतात आणि तें आम्ल दंतवल्काचे क्षार विरघळवितें.

एवढें कळल्यावर दुसऱ्या वेळेचें मोल ध्यानांत येतें. लाळ हें आम्ल सौम्य करते. झोपेंत लाळ कमी होते आणि दातांना चिकटलेलें अन्न रात्रभर तसेंच राहतें. म्हणून फ्लोराइडयुक्त पेस्टनें सकाळीं आणि रात्रीं निजण्यापूर्वीं दांत घासावे, असें आजचें शास्त्र सांगतें. हिरडीतून रक्त येऊं लागलें तर घासणें थांबवावयाचें नसतें; तें बहुधा सांचलेल्या मळाचें लक्षण असतें. सुश्रुतानें दंतशर्करा म्हटलेला घट्ट थर ब्रशानें निघत नाहीं, तो दंतवैद्याकडूनच काढून घ्यावा लागतो. लवंगेचें तेल ठणका क्षणभर शमवितें. दाताचें छिद्र बुजवीत नाहीं. मिश्रीमुळें ठणका कमी झाला असें अनेक स्त्रियांना वाटतें. परंतु मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तिचें व्यसन जडतें, हिरड्या खराब होतात आणि तोंडाच्या कर्करोगाची भीति वाढते.

दंतवल्कांत जिवंत पेशी नसतात. तुटलेलें हाड सांधतें, पण किडून पोखरलेलें दंतवल्क पुन्हां भरून येत नाहीं. भोकरदनच्या मूर्तीला दोन हजार वर्षें मातीनें सांभाळलें. माणसाच्या दाताला हाडामांसाचाच हात सांभाळूं शकतो, आणि त्या हाताला वाग्भटानें नेमून दिलेली दुसरी वेळ अद्याप मोकळीच आहे.