५० दिवस आधी: बीटल्सचा आधीचा ड्रमर पीट बेस्ट

बीटल्समधले चौघे कोण, असं विचारलं तर जॉन, पॉल, जॉर्ज आणि रिंगो ही नावं पटकन येतात. आजची गोष्ट मात्र रिंगोच्या आधी दोन वर्षं या बँडचा ड्रमर असलेल्या पीट बेस्टची. १६ ऑगस्ट १९६२ ला त्याला बँडमधून काढलं. त्यानंतर बरोबर ५० दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, 'लव्ह मी डू' हे गाणं बाजारात आलं आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. इंटरनेटवर त्याची ओळख म्हणजे 'जगातला सगळ्यात कमनशिबी माणूस'. ही ओळख कितपत खरी आहे, ते आज बघूया.

सुरुवात चक्क भारतातून होते. पीटचा जन्म २४ नोव्हेंबर १९४१ चा, मद्रासचा. त्याची आई मोना दिल्लीत जन्मलेली. युद्ध संपल्यावर हे कुटुंब बोटीनं इंग्लंडला निघालं आणि १९४५ च्या नाताळच्या दिवशी लिव्हरपूलला उतरलं. पुढे मोनानं तिथे एक मोठं जुनं घर घेतलं आणि २९ ऑगस्ट १९५९ ला त्याच्या तळघरात पोरांसाठी एक क्लब सुरू केला, 'कॅस्बा'. पहिल्या रात्री तिथे कोण वाजवलं माहितीये? जॉन, पॉल आणि जॉर्ज! बँडचं नाव तेव्हा क्वॉरीमेन होतं. म्हणजे ज्यांनी पुढे पीटला काढलं, ते त्याच्याच घरच्या तळघरात वाजवून मोठे होत होते.

ऑगस्ट १९६० मध्ये त्यांना जर्मनीत, हॅम्बुर्गला काम मिळालं. अडचण एकच होती, ड्रमर नव्हता. पीटकडे स्वतःचा ड्रमसेट होता, तो लगेच गेला. तिथे रोज रात्री साडेचार तास वाजवायचं, शनिवार-रविवारी सहा. बीटल्स तयार झाले ते याच रगाड्यात, आणि त्या सगळ्या काळात मागे ड्रमवर पीट होता. दिसायला देखणा आणि कमी बोलणारा, त्यामुळे लिव्हरपूलच्या मुलींमध्ये तर तोच लाडका.

आता ६ जून १९६२. लंडनला ईएमआयच्या स्टुडिओत ऑडिशन झाली. निर्माता जॉर्ज मार्टिनला पीटचं वाजवणं पटलं नाही. रेकॉर्डिंगला आपण स्टुडिओचा ड्रमर घेऊ, असं त्यानं सांगितलं. इथे थांबा जरा. पीटला बँडमधून काढा, असं मार्टिन म्हणाला नव्हता. रेकॉर्डिंगपुरता बाहेरचा वादक घेणं तेव्हा अगदी नेहमीचं होतं. काढायचं ठरवलं ते बाकीच्या तिघांनी, आणि सांगायचं काम टाकलं मॅनेजर ब्रायन एपस्टाईनवर. १६ ऑगस्टला सकाळी त्यानं पीटला ऑफिसात बोलावून घेतलं. तिघांपैकी एकही तिथे नव्हता. उलट, नवा ड्रमर येईपर्यंतचे उरलेले कार्यक्रम वाजवशील का, असं त्यालाच विचारलं गेलं! पीट आधी हो म्हणाला, पण त्या रात्री गेला नाही. त्याचा मित्र नील ॲस्पिनॉल बँडची गाडी चालवायचा. तोही काम सोडायला निघाला होता. पीटनंच त्याला थांबवलं. हाच नील पुढे बीटल्सच्या 'ॲपल' कंपनीचा प्रमुख झाला.

पण काढलं का? वाजवणं कच्चं होतं, स्वभाव जुळत नव्हता, बाकीच्यांसारखे केस ठेवले नाहीत, मुलींना जास्त आवडायचा... प्रत्येक पुस्तकात वेगळं कारण सापडतं. १९९५ च्या 'अँथॉलॉजी १' मध्ये जूनच्या ऑडिशनचं 'लव्ह मी डू' आहे, ते कान देऊन ऐका. मध्येच ड्रमची चाल बदलते आणि गाणं अडखळतं. म्हणजे मार्टिनची तक्रार हवेतली नव्हती. पण गंमत बघा, ११ सप्टेंबरच्या रेकॉर्डिंगला मार्टिनच्या टीमनं रिंगोलाही बाजूला बसवलं. ड्रम वाजवले अँडी व्हाईट या स्टुडिओच्या वादकानं आणि रिंगोच्या हातात आली खंजिरी. तरी रिंगो बँडमध्ये राहिलाच. म्हणून नुसत्या 'वाजवता येत नव्हतं' यावर हा विषय संपत नाही.

माझ्या मते संगीताच्या हिशेबानं निर्णय कदाचित बरोबरही असेल. पण दोन वर्षं सोबत राहिलेल्या माणसाला समोर बसून कारणही सांगायचं नाही, हे मात्र चूकच. नंतरही त्या तिघांनी कधी ते केलं नाही. आपल्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. अचानक मीटिंग लागते, दहा मिनिटांत सगळं संपतं आणि 'आपलं चुकलं काय' हा प्रश्न वर्षानुवर्षं डोक्यात राहतो.

पीटनं पुढे दुसरे बँड केले, पण जम बसला नाही. साठच्या दशकाच्या मध्यावर नैराश्यातून त्यानं जीव द्यायचा प्रयत्न केला. आईनं आणि भावानं वाचवलं. (तुमच्यापैकी कुणी अशा काळातून जात असेल, तर प्लीज कुणाशी तरी बोला.) त्यानंतर त्यानं पाव भरण्याचं काम केलं आणि मग लिव्हरपूलच्या सरकारी रोजगार कार्यालयात जवळजवळ वीस वर्षं नोकरी. नोकरी गेलेल्यांना काम मिळवून द्यायचं ऑफिस ते! समोर बसलेल्या माणसाला काय वाटत असेल, हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

१९८८ मध्ये तो पुन्हा स्टेजवर आला, नंतर भाऊ रोगसोबत स्वतःचा बँड घेऊन जगभर फिरला. 'अँथॉलॉजी १' मध्ये त्यानं वाजवलेली दहा गाणी होती, त्याची मोठी रॉयल्टीही मिळाली. २०२५ मध्ये, वयाच्या ८३ व्या वर्षी, तो कार्यक्रमांतून निवृत्त झाला.

एकदा लग्न केलं, ते टिकलं. दोन मुली वाढवल्या, वीस वर्षं लोकांच्या उपयोगी पडला आणि म्हातारपणापर्यंत ड्रम वाजवले. आपण मात्र ८० वर्षांचं आयुष्य दोन वर्षांच्या फुटपट्टीनं मोजतो आणि त्याला कमनशिबी म्हणतो. मला तरी ते पटत नाही. तुम्हाला काय वाटतं, नक्की सांगा. भेटूया पुढच्या भागात!